शीतयुद्ध तीनदा संपले

शीतयुद्ध नेमके कधी संपले, या प्रश्नाला तीन तारखांची उत्तरे दिली जातात: ८ डिसेंबर १९८७, ९ नोव्हेंबर १९८९ आणि २५ डिसेंबर १९९१. पहिल्या दिवशी रोनाल्ड रेगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी वॉशिंग्टनमध्ये मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत काढण्याच्या करारावर सह्या केल्या. दुसऱ्या तारखेच्या रात्री बर्लिनच्या भिंतीतली फाटके उघडली. तिसऱ्या दिवशी गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला.

शाळेच्या पुस्तकात या तिन्ही घटना एकाच परिच्छेदात येतात, त्यामुळे एकीतून दुसरी आपोआप निघाली असा समज होतो. प्रत्यक्षात पहिला शेवट अण्वस्त्रांच्या भीतीचा होता, दुसरा युरोपच्या फाळणीचा आणि तिसरा एका राज्याचा. तिघांची कारणे वेगळी होती. भारतापुरते बोलायचे तर परिणामही वेगळे झाले. पहिल्याचे भारताने मनापासून स्वागत केले. दुसरा घडत होता तेव्हा देश लोकसभेच्या निवडणुकीत गुंतला होता. आणि तिसऱ्याची झळ थेट तिजोरीला आणि लष्कराच्या कोठारांना बसली. हा फरक लक्षात ठेवला तर पुढच्या प्रकरणांतल्या घटनांची संगती लागते. या प्रस्तावनेचा हेतू तेवढाच आहे.

विषय मॉस्को-वॉशिंग्टनचा असला तरी त्याचे धागे मराठी मुलखात खोलवर रुतलेले आहेत. सुरुवात छत्रपती संभाजीनगरच्या छावणीपासून करता येते. निजामाने खर्च द्यायचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांनी द्यायचे, अशा रीतीने चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा इथे तळ होता. जून १८५७ मध्ये तिच्या पहिल्या रिसाल्यातले स्वार इथेच बिथरले. पुण्याहून निघालेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने ते बंड मोडले आणि शहरातल्या काला चबुतऱ्यावर बंडवाल्यांना मृत्युदंड दिला गेला. कंटिन्जंटचे रिसाले पुढे ब्रिटिश हिंदी सैन्यात सामावले गेले आणि १९२१ नंतरच्या फेररचनेत त्यांतून ‘डेक्कन हॉर्स’ उभी राहिली. घोडे गेले, रणगाडे आले, नाव तेच राहिले.

सप्टेंबर १९६५ मध्ये ही डेक्कन हॉर्स पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर गावी पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर उभी होती. पॅटन अमेरिकेचे. साम्यवाद रोखण्याच्या नावाखाली झालेल्या १९५४ च्या लष्करी करारानंतर ते पाकिस्तानला मिळाले होते. डेक्कन हॉर्सकडचे शर्मन हेही मूळचे अमेरिकन, पण दुसऱ्या महायुद्धातले, एका पिढीने जुने. जोडीला थर्ड कॅव्हलरीचे ब्रिटिश सेंच्युरियन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीचे फ्रेंच एएमएक्स. सोव्हिएत फौजांविरुद्ध वापरण्यासाठी म्हणून दिलेले पॅटन उसाच्या आणि पाणी सोडलेल्या शेतांत रुतले आणि जुन्या तोफांना बळी पडले. सहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, हीच डेक्कन हॉर्स छांब भागात लढली तेव्हा तिच्याकडे सोव्हिएत टी-५४ रणगाडे होते. दोन युद्धांच्या मधल्या काळात भारत कुठल्या बाजूला सरकला, हे या एका रेजिमेंटच्या रणगाड्यांवरून कळते.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांच्यासाठी छावणीपासून अडीच-तीन तासांच्या अंतरावर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, रणगाडा संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ मध्ये सुरू केले. ब्रिटिश, जर्मन, जपानी आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेली अमेरिकन बनावटीची यंत्रे तिथे उघड्या अंगणात रांगेने उभी आहेत.

भारत अलिप्त होता, तरी दोन्ही महासत्तांची यंत्रे इथे आली. त्यामागे १९६२ चा ऑक्टोबर आहे. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडल्यामुळे १६ ते २८ ऑक्टोबर या तेरा दिवसांत जग अणुयुद्धाच्या सर्वांत जवळ गेले. त्याच तेरा दिवसांत, २० ऑक्टोबरला, चीनने भारतावर हल्ला केला. दोन्ही महासत्ता एकमेकींकडे डोळे लावून बसल्या असताना हिमालयातली लढाई सुरू झाली. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. पुढे काय झाले, हे मात्र कमी लोकांना आठवते. मे १९६४ मध्ये चव्हाण अमेरिकेला गेले आणि पाकिस्तानला दिली तशीच एफ-१०४ स्टारफायटर विमाने त्यांनी मागितली. नकार मिळाला. त्याच दौऱ्यात नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि त्यांना परतावे लागले. वर्षअखेरीच्या आत ते मॉस्कोला जाऊन आले आणि १९६२ मध्ये सुरू झालेला मिग-२१ चा व्यवहार मोठा झाला.

त्या व्यवहारातून नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. भारतीय वायुसेनेत आलेल्या पावणेनऊशेच्या आसपास मिग-२१ विमानांपैकी साडेसहाशेहून अधिक देशातच तयार झाली. त्याच दशकात शेजारच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तारापूरला, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या बसल्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांची वीज मिळू लागली. एका जिल्ह्यात सोव्हिएत लढाऊ विमाने आणि त्याला लागून असलेल्या जिल्ह्यात अमेरिकन अणुवीज, असे अलिप्ततेचे रूप महाराष्ट्रात पाहायला मिळत होते.

मनांवरही सोव्हिएत बाजूचा दावा होता. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्या भेटीवरचे पुस्तक अजून वाचले जाते. मॉस्कोत राहून अनिल हवालदारांसारखे अनुवादक रशियन पुस्तके मराठीत आणत होते. ती लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांत आणि फिरत्या प्रदर्शनांत इतक्या स्वस्तात मिळत की ज्या घरात दुसरे पुस्तक नसे तिथेही गोर्की आणि बालकथा पोचत. ‘सोविएत देश’ नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची वह्यांना घातलेली कव्हरे एका संपूर्ण पिढीला आठवतात.

आता पहिला शेवट.

१९८३ हे साल क्युबानंतरचे सर्वांत धोक्याचे ठरले. मार्चमध्ये रेगन यांनी अवकाशातून क्षेपणास्त्रे पाडण्याची योजना जाहीर केली. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने वाट चुकलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले. २६ सप्टेंबरला मॉस्कोजवळच्या इशारा केंद्रात अमेरिकेने क्षेपणास्त्रे सोडल्याचा संकेत आला. कामावर असलेले लेफ्टनंट कर्नल स्टानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांनी तो यंत्रणेचा दोष असल्याचे वर कळवले आणि त्यांचे म्हणणे खरे निघाले. नोव्हेंबरमधल्या नाटोच्या ‘एबल आर्चर’ सरावाकडे मॉस्कोतले काही जण खऱ्या हल्ल्याची तयारी म्हणून पाहत होते. आपल्याला हे लोक खरोखरच घाबरतात, याची जाणीव रेगन यांना त्या हिवाळ्यात झाली. जानेवारी १९८४ च्या त्यांच्या भाषणाचा सूर बदललेला आहे.

मॉस्कोत मात्र बोलायला समोर माणूसच टिकत नव्हता. ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, चेर्नेन्को असे तीन वृद्ध नेते अडीच वर्षांत गेले. मार्च १९८५ मध्ये ५४ वर्षांचे गोर्बाचेव्ह आले. नोव्हेंबरमध्ये जीनिव्हात दोघांची पहिली भेट झाली आणि अणुयुद्धात कोणी जिंकू शकत नाही, असे संयुक्त निवेदन निघाले. पाच महिन्यांनी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. शत्रूने एकही बॉम्ब न टाकता एवढा प्रदेश ओस पडू शकतो, हे सोव्हिएत नेतृत्वाने स्वतःच्या भूमीवर पाहिले. ऑक्टोबर १९८६ मध्ये आइसलँडची राजधानी रेकयाविक येथे दोघे नेते सगळीच अण्वस्त्रे नष्ट करण्याच्या गोष्टी बोलू लागले. अवकाशातली संरक्षण योजना प्रयोगशाळेपुरती ठेवायची की नाही, यावर बोलणी फिसकटली आणि दोघेही हिरमुसले होऊन परतले.

रेकयाविकनंतर दीड महिन्यातच गोर्बाचेव्ह दिल्लीत होते. २७ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांनी आणि राजीव गांधी यांनी अण्वस्त्रमुक्त आणि अहिंसक जगाच्या तत्त्वांचा दिल्ली जाहीरनामा काढला. अहिंसा हा शब्द सोव्हिएत पक्षाच्या सरचिटणीसाच्या सहीच्या कागदावर येणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याआधीपासून भारत, स्वीडन, ग्रीस, मेक्सिको, अर्जेंटिना आणि टांझानिया हे सहा देश दोन्ही महासत्तांना चाचण्या थांबवा म्हणून सांगत होते. या आवाहनांमुळे करार झाला, असा दावा कुणी करणार नाही. पण पहिल्या शेवटाच्या वेळी भारत श्रोत्यांत नव्हता, मंचावर होता.

डिसेंबर १९८७ चा करार क्षेपणास्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालून थांबला नाही. पाचशे ते साडेपाच हजार किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरची क्षेपणास्त्रे त्याने सरसकट मोडीत काढली. जून १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. त्यांतली १,८४६ सोव्हिएत आणि ८४६ अमेरिकन. वोत्किन्स्कच्या सोव्हिएत कारखान्याच्या दारात अमेरिकन निरीक्षक बसले आणि युटामधल्या कारखान्याच्या दारात सोव्हिएत निरीक्षक. चाळीस वर्षे हेरांनी चोरून मिळवली ती माहिती आता फाटकावर मोजून मिळू लागली. सोव्हिएत संघ तेव्हा शाबूत होता, बर्लिनची भिंतही उभी होती. म्हणून पहिल्या शेवटाला दुसऱ्या दोघांचा परिणाम म्हणता येत नाही.

दुसऱ्या शेवटाची चावी एका जुन्या प्रश्नात आहे आणि तो प्रश्न छावणीपासून जवळच असलेल्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या माणसाने विचारला होता. २० नोव्हेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूत बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्याच्या दोनच आठवडे आधी सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला उठाव चिरडला होता. याच विषयावरच्या त्यांच्या निबंधात मुद्दा अगदी सरळ मांडला आहे: बळाच्या जोरावर उभी केलेली व्यवस्था ते बळ काढून घेतल्यावर कशाच्या आधाराने टिकेल? महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात तो निबंध आहे. खंड बाहेर आला आणि वर्षा-दोन वर्षांतच प्रश्नाची परीक्षा झाली.

७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांत गोर्बाचेव्ह यांनी पाच लाख सैन्य कमी करण्याचे आणि पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरीतून सहा रणगाडा डिव्हिजन हलवण्याचे जाहीर केले. प्रत्येक देशाने आपला मार्ग निवडावा, असेही सांगितले. बुडापेस्ट १९५६ आणि प्राग १९६८ यांची पुनरावृत्ती होणार नाही, हे पूर्व युरोपने त्यातून ओळखले. ४ जून १९८९ च्या पोलंडच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने लढवलेल्या जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या. हंगेरीने ऑस्ट्रियाकडची सीमा उघडली. ९ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सत्तर हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर आले आणि गोळी चालली नाही. महिन्याने गुंटर शाबोव्स्की या पक्षप्रवक्त्याने पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचले, ते कधीपासून लागू या प्रश्नावर कागद चाळले आणि लगेच, असे उत्तर दिले. त्या रात्री बर्लिनकर फाटकांवर जमले. पहारेकऱ्यांकडे गोळीबाराचा हुकूम नव्हता आणि अडवून धरण्याचे बळही नव्हते.

त्या रात्री भारतात प्रचारसभा चालू होत्या. मतदानाला दोन आठवडेही उरले नव्हते आणि चर्चा बोफोर्स तोफांच्या व्यवहाराची होती. युरोप बदलला तरी आपला सोव्हिएत मित्र आहे तिथेच आहे, असे दिल्लीने धरले होते.

तिसऱ्या शेवटाने तो समज मोडला. १९९१ च्या उन्हाळ्यात राजीव गांधी यांची हत्या झाली, त्याआधी दोनदा रामटेकमधून लोकसभेवर गेलेले नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि शरद पवार संरक्षणमंत्री. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईहून ४७ टनांच्या आसपास सोने तारण म्हणून लंडनला धाडले. ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट झाला. सुधारणांची घाई करणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा, असे राव बोलून गेले. कट तिसऱ्या दिवशी कोसळला आणि ते वाक्य अडचणीचे ठरले. डिसेंबरच्या ८ तारखेला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचे जाहीर केले.

परिणाम लगेच जाणवले. भारताची सुमारे सोळा टक्के निर्यात सोव्हिएत संघाकडे जात होती आणि व्यवहार रुपयांत चाले, डॉलर लागत नसे. ते खातेच बंद पडले. वापरात असलेल्या शस्त्रांचे मूळ कारखाने रातोरात वेगवेगळ्या देशांत गेले: एएन-३२ वाहतूक विमानांचा कीव्हला, आयएल-७६ चा ताश्कंदला, रणगाड्यांचा एक मोठा कारखाना खार्किव्हला. पूर्वी एका मंत्रालयाला पत्र लिहून सुटे भाग येत. आता कोणाला लिहायचे, इथपासून सुरुवात होती. जुने कर्ज किती रुपयांचे, हा वाद जानेवारी १९९३ मध्ये बोरिस येल्त्सिन यांच्या दिल्लीभेटीत मिटला. त्यातला मोठा हिस्सा बारा वर्षांत आणि उरलेला ४५ वर्षांत बिनव्याजी फेडायचा ठरले.

दिशाही बदलल्या. मे १९९२ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्या नौदलांचा पहिला मलबार सराव झाला, तोही ज्या अमेरिकेने १९७१ मध्ये ‘एंटरप्राइझ’ विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात पाठवले होते तिच्याबरोबर. जुलैमध्ये पवार चीनला गेले. भारतीय संरक्षणमंत्र्याची ती पहिली चीनभेट. तारापूरची कथा तर याहून वळणाची आहे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने १९७८ चा कायदा पुढे करून इंधन थांबवले, मग फ्रान्सने दिले, १९९५ मध्ये चीनने आणि २००१ मध्ये रशियाने. अमेरिकन भट्ट्या रशियन युरेनियमवर चालल्या.

शीतयुद्ध कोणी संपवले, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. एक पक्ष श्रेय रेगन यांच्या शस्त्रखर्चाला देतो, पण खर्च सर्वांत जास्त वाढला तेव्हा मॉस्को अधिक ताठर होते. दुसरा पक्ष अर्थकारणाकडे बोट दाखवतो: १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्याहून खाली आले, अफगाणिस्तानातले युद्ध चालू होते, धान्य बाहेरून आणावे लागत होते. मात्र गरिबीमुळे राज्ये नेहमीच नमतात असे नाही. उत्तर कोरिया नमला नाही. तिसऱ्या पक्षाला गोर्बाचेव्ह यांची निवड निर्णायक वाटते आणि चौथ्याला ग्दान्स्कचे गोदी कामगार, लाइपझिगचे मोर्चे. तीन शेवट वेगळे धरले की हा वाद बराच हलका होतो. पहिल्यात दोन नेत्यांची भीती आणि धाडस मोठे होते, दुसऱ्यात रस्त्यावरची माणसे, तिसऱ्यात रिकामी तिजोरी आणि प्रजासत्ताकांच्या नेत्यांची महत्त्वाकांक्षा. गोविंद तळवलकरांसारख्या संपादकांनी मराठी वाचकांपुढे हे सारे घडत असतानाच मांडले होते. त्यानंतर मॉस्को, बर्लिन आणि वॉशिंग्टनमधली बरीच दप्तरे खुली झाली आहेत, म्हणून ही गोष्ट पुन्हा सांगण्याला अर्थ आहे.

पुढील प्रकरणे याच क्रमाने येतात: आधी १९८३ ते १९८७, मग १९८९, मग १९९१. अखेरचे प्रकरण नंतरच्या काळाचे आहे, कारण तिन्ही शेवट सारखे टिकलेले नाहीत. १९८७ चा करार ऑगस्ट २०१९ मध्ये रद्द झाला आणि उरलेल्या मोठ्या अण्वस्त्र कराराची, न्यू स्टार्टची, मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. फेब्रुवारी २०२२ पासूनच्या रशिया-युक्रेन युद्धाने सोव्हिएत संघाच्या वाटणीचा प्रश्न रणांगणावर आणला. भारतीय नौदलाच्या रशियन बनावटीच्या फ्रिगेटींना लागणारी टर्बाइने युक्रेनमधल्या मिकोलाइव्हची असल्याने तो इथेही पोचला. शेवटचे मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात ओझरला तेजस विमानांच्या जुळणीची नवी मार्गिका सुरू झाली. तिथे सुखोई-३० आणि तेजस आता एकाच आवारात जुळवले जातात. सुखोईचा आराखडा रशियन आहे, तर तेजसचे इंजिन तारापूरच्या भट्ट्या बसवणाऱ्या त्याच जनरल इलेक्ट्रिकचे.